पत्त्यांचं गणित मांडणारा जुगारी, ज्याच्यावर बायकोचे दागिने गहाण टाकायची वेळ आली

सोळाव्या शतकातलं व्हेनिस. एका बड्या सरदाराच्या घरी पत्त्यांचा डाव सुरू आहे. समोर बसलाय एक तरुण, शिकायला पादुआला आलेला. आदल्या दिवशी तो बरेच पैसे हरून गेलाय. अंगावरचा झगा आणि बोटातल्या अंगठ्यासुद्धा हरलाय. आज तो परत आलाय, कारण हरलेलं सगळं परत मिळवायचंय.

सुरुवातीला झगा आणि अंगठ्या परत मिळतात. मग पुन्हा हार सुरू होते. उरलेसुरले पैसेही जातात आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात येतं की पत्त्यांवर खुणा केलेल्या आहेत.

पोरगा कट्यार काढतो आणि यजमानाच्या तोंडावर वार करतो. दाराला कडी, खोलीत यजमानाची माणसं, वर तुळईला भाले टांगलेले. तरी तो टेबलावरचे पैसे उचलतो, नोकरांना धमकावून दार उघडायला लावतो आणि पळतो. एका सरदारावर हात उचललाय म्हटल्यावर शिपाई मागे लागणार हे उघड आहे. रात्री अंधारात लपतछपत जाताना त्याचा पाय घसरतो आणि तो थेट कालव्यात पडतो. जवळून जाणाऱ्या होडीची कड हाताला लागते, लोक त्याला वर ओढतात.

होडीत कोण बसलेलं असतं? तोच सरदार, तोंडाला पट्टी बांधून.

नशीब असं की त्या माणसाने राग धरला नाही. उलट भिजलेल्या पोराला खलाशाचे कपडे दिले आणि दोघं एकाच होडीतून पादुआपर्यंत गेले.

हा पोरगा म्हणजे जिरोलामो कार्डानो. पुढे तो युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या डॉक्टरांपैकी एक झाला. बीजगणितात त्याचं नाव अजून घेतलं जातं. आणि जुगारातल्या शक्यतेचं पद्धतशीर गणित मांडणारं पहिलं पुस्तक त्याचंच मानलं जातं. तुम्ही आज पोकर शिकायला बसलात तर जे नियम तुम्हाला सांगितले जातील, त्यातले बरेचसे या माणसाने साडेचारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेत.

गंमत अशी की त्यातला जवळपास प्रत्येक नियम त्याने स्वतः मोडला होता.

नको असलेलं पोर

कार्डानोचा जन्म 24 सप्टेंबर 1501 रोजी इटलीतल्या पाव्हिया इथे झाला. वडील फाझिओ मिलानमधले वकील. गणितात त्यांची चांगली गती होती, इतकी की लिओनार्दो दा विंची भूमितीच्या शंका घेऊन त्यांच्याकडे यायचा. आई कियारा. दोघांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. हे मूल नको म्हणून आईने औषधं घेतली होती, ही गोष्ट कार्डानोने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. त्याच सुमारास प्लेगमध्ये आईची आधीची तीन मुलं गेली.

पोर सतत आजारी. पण डोकं तल्लख. वडिलांना वाटत होतं त्याने कायदा शिकावा, त्याने वैद्यकी निवडली. पाव्हिया आणि मग पादुआ इथे तो शिकला. 1524 मध्ये वडील वारले, मागे थोडेफार पैसे ठेवून. ते बघता बघता संपले.

मग शिक्षणाचा खर्च कसा भागवायचा? कार्डानोने मार्ग काढला तो पत्त्यांचा आणि फाशांचा. बुद्धिबळही तो पैसे लावून खेळायचा. इतर खेळाडू नशिबावर विसंबून असायचे, याला मात्र कुठला डाव जास्त वेळा लागतो आणि कुठला क्वचित, याचा अंदाज होता. त्यामुळे सुरुवातीला तो हरण्यापेक्षा जिंकायचाच जास्त.

इथेच घोळ झाला. नवख्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या हारीने होत नाही, पहिल्या जिंकण्याने होतं. चार डाव लागले की वाटतं, आपल्याला जमतंय. त्यातून हे आपलं उत्पन्नाचं साधन आहे, असं वाटायला वेळ लागत नाही.

घरखर्चासाठी खेळलेला डाव

डॉक्टरकीची पदवी मिळाली, पण मिलानच्या वैद्य मंडळाने कार्डानोला दारात उभं केलं नाही. कारण दिलं गेलं त्याच्या जन्माचं, आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं म्हणून. तोंडाने फटकळ असल्यामुळे त्याचे शत्रूही बरेच होते. शेवटी पादुआजवळच्या एका खेड्यात त्याने दवाखाना थाटला. 1531 मध्ये लुचिया नावाच्या मुलीशी लग्न केलं.

खेड्यातल्या कमाईत संसार चालेना. 1532 मध्ये जोडपं मिलानजवळच्या गॅलाराते गावात आलं. पुन्हा वैद्य मंडळाकडे अर्ज, पुन्हा नकार. हातात काम नाही, घरात बायको, पोटाला तर लागतंच. 1533 मध्ये कार्डानो पुन्हा जुगाराकडे वळला.

विद्यार्थी असतानाचा खेळ आणि हा खेळ यात फरक होता. तेव्हा हरला तर स्वतः उपाशी राहायचा. आता हरला तर घरभाडं जात होतं. अशा माणसाला वाईट पानं टाकून देणं परवडत नाही, कारण त्याला आजच जिंकायचं असतं. तो वाट पाहू शकत नाही. आणि पत्त्यांच्या खेळात ज्याला वाट पाहता येत नाही, त्याला गणित येऊनही उपयोग नसतो.

झालंही तसंच. लुचियाचे दागिने गहाण गेले. मग घरातलं सामान गेलं. नशीब पालटेल म्हणून दोघं मिलानला आले, तिथे तर अवस्था आणखी बिकट झाली. शेवटी नवराबायकोला गरिबांसाठीच्या आश्रयगृहात राहावं लागलं.

आजच्या भाषेत पोकर शिकवणारे याला बँकरोलचा नियम म्हणतात. खेळासाठीची रक्कम वेगळी काढायची आणि ती पूर्ण गेली तरी घरात कुणाला कळू नये इतकीच ठेवायची. घरभाडं, फी, औषधं, ईएमआय यातला एक रुपयाही तिथे जाता कामा नये. कार्डानोला हा नियम शिकायला बायकोचे दागिने मोजावे लागले.

सावरला, आणि मग लिहायला बसला

यातून त्याला बाहेर काढलं ते डावाने नाही, नोकरीने. मिलानमध्ये वडील जिथे गणित शिकवायचे, तीच जागा त्याला मिळाली. उरलेल्या वेळात तो रुग्ण तपासायचा. त्याच्या हाताला गुण होता. ज्या मंडळाने नाकारलं होतं, त्यातलेच काही डॉक्टर त्याचा सल्ला घ्यायला लागले. 1539 मध्ये मंडळाने अखेर त्याला सभासद करून घेतलं.

1545 मध्ये त्याचा बीजगणितावरचा ग्रंथ आला, आर्स माग्ना. घन आणि चतुर्घात समीकरणं कशी सोडवायची हे त्यात होतं. घन समीकरणाची रीत निकोलो तार्तालियाने विश्वासाने सांगितली होती आणि ती छापली म्हणून दोघांत मोठं भांडण पेटलं. 1552 मध्ये स्कॉटलंडच्या आर्चबिशपला दम्यातून बरं करायला तो थेट तिथपर्यंत गेला. त्याने दिलेल्या सल्ल्यांपैकी एक होता, पिसांची गादी आणि उशी बदला. आर्चबिशपला आराम पडला आणि कार्डानो सोन्याची नाणी घेऊन परतला.

या सगळ्या काळात तो एक छोटं पुस्तक लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता. लॅटिन नाव लिबेर दे लुदो आलेए, म्हणजे फाशांच्या खेळांविषयीचं पुस्तक. जुगार वाईट असला तरी इतकी माणसं तो खेळतात, म्हणून बऱ्या न होणाऱ्या आजाराबद्दल डॉक्टरने बोलावं तसं त्याबद्दल बोललं पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. त्याच्या हयातीत हे पुस्तक छापलं गेलं नाही. ते 1663 मध्ये बाहेर आलं, त्याच्या मृत्यूनंतर 87 वर्षांनी.

पोकरचा पणजोबा

कार्डानोच्या वेळी पोकर नव्हता. तो खेळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या बोटींवर वाढला. पण कार्डानो खेळायचा तो प्रिमेरो हा पत्त्यांचा खेळ पोकरच्या पूर्वजांपैकी एक मानला जातो. अठ्ठ्या, नव्व्या, दश्श्या काढून टाकलेले 40 पत्ते, प्रत्येकाला चार पानं, मग पैजा वाढवत न्यायच्या. चारही पानं एकाच रंगाची आली तर त्याला फ्लक्सस म्हणायचे. पोकरमधला फ्लश, म्हणजे आपण दिवाळीत तीन पत्ती खेळताना ज्याला कलर म्हणतो तो, याच घराण्यातला.

या पुस्तकात कार्डानोने आधी अगदी साधी गोष्ट सांगितली. दोन फासे टाकले तर 36 प्रकारे पडू शकतात, तीन टाकले तर 216 प्रकारे. त्यातले आपल्या कामाचे किती, ते मोजा आणि एकूणाशी ताडून पाहा. आज शाळेत संभाव्यता म्हणून जे शिकवतात त्याचा पाया हाच.

पण पुढे त्याचीही गफलत झाली. एका फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक. मग तीन वेळा फासा टाकला तर सहा पडण्याची शक्यता निम्मी झाली ना? सहाच्या निम्मे तीन. कार्डानोने आधी असंच धरलं होतं. हिशोब मात्र वेगळा आहे. तीन फेकींच्या 216 प्रकारांपैकी 125 प्रकारांत एकदाही सहा पडत नाही. उरले 91. म्हणजे शक्यता सुमारे 42 टक्के. निम्म्याच्या पुढे जायला चार फेकी लागतात.

नंतर त्याला स्वतःची चूक कळली आणि त्याने बरोबर रीत शोधली. पण आधीचं चुकीचं लिखाण काढून टाकलं नाही. दोन्ही पुस्तकात तसंच राहिलं. त्यामुळे एक हुशार माणूस अंदाजाने कुठे फसतो आणि मोजल्यावर कसा सावरतो, हे आपल्याला आजही दिसतं.

पोकरमध्ये नवखे नेमके इथेच फसतात. समजा टेक्सास होल्डेममध्ये तुमच्या हातात किल्वरची दोन पानं आहेत आणि टेबलावरच्या तीन पानांत आणखी दोन किल्वर आहेत. एक किल्वर आलं की फ्लश. आता येणारच, असं वाटतं. मोजून बघू. किल्वरची एकूण 13 पानं, चार दिसतायत, उरली 9. न दिसलेली पानं 47. पुढच्या पानाला किल्वर येण्याची शक्यता 47 पैकी 9, म्हणजे 19 टक्के. पाचात एकदा, तेही जेमतेम.

आता पॉटमध्ये 300 चिप्स आहेत आणि समोरच्याने आणखी 300 लावले. तुम्हाला पुढे जायला 300 टाकावे लागतील आणि एकूण पॉट होईल 900. हा व्यवहार परवडायला जिंकण्याची शक्यता किमान 33 टक्के हवी. तुमच्याकडे आहे 19. फक्त पुढच्या पानाचा हिशोब केला तर पानं टाकून द्यावीत. पण समोरच्याने 50 च लावले असते तर एकूण पॉट 400 झाला असता आणि साडेबारा टक्के पुरले असते. तेव्हा खेळायला हरकत नव्हती. पानं तीच, निर्णय वेगळा. नवखा फक्त आपल्या पानांकडे बघतो. शिकलेला माणूस त्यांची किंमत किती पडतेय तेही बघतो.

आणि मागच्या सहा डावांत फ्लश लागला नाही म्हणून या डावात लागेल, असंही काही नसतं. गड्डी नीट पिसली की पत्त्यांना मागचं काही आठवत नाही.

डाव मांडण्याआधीचे नियम

कार्डानोच्या पुस्तकातला सगळ्यात कामाचा भाग मात्र गणिताचा नाही. तो माणसांचा आहे.

त्याचं म्हणणं होतं की खेळाचा पाया एकच, दोन्ही बाजूंना सारखी परिस्थिती. प्रतिस्पर्धी, बघणारे लोक, पैसा, जागा, फासे, सगळं सारखं हवं. पारडं समोरच्याकडे झुकलेलं असताना खेळलात तर तुम्ही मूर्ख, तुमच्याकडे झुकलेलं असताना खेळलात तर तुम्ही अन्यायी. व्हेनिसमध्ये तो परक्याच्या घरात, परक्याच्या पत्त्यांनी, बंद दाराआड खेळला होता. तेव्हा हे वाक्य पुस्तकातून नाही, अनुभवातून आलेलं आहे. पत्त्यांवर खुणा कशा करतात, पानं सहज सरकावीत म्हणून त्यांना साबण कसा लावतात, अंगठीत बसवलेल्या आरशात समोरची पानं कशी बघतात, हेही त्याने लिहून ठेवलं. फसवायला शिकवण्यासाठी नाही, फसू नये म्हणून.

बाकीचे नियम असे. क्वचित खेळा, थोडा वेळ खेळा, लहान रकमेवर खेळा. सणासुदीच्या जेवणानंतर, ओळखीच्या माणसांत खेळ शोभतो. रागात खेळू नका, कारण राग चढला की हिशोब सुटतो. पोकरवाले यालाच टिल्ट म्हणतात. एक वाईट डाव गेला की माणूस पुढचे पाच डाव त्याचा बदला घ्यायला खेळतो आणि पाचही घालवतो. मागे उभं राहून बडबड करणाऱ्यांपासूनही कार्डानोने सावध केलं होतं.

आणि सगळ्यात वर त्याने एक गोष्ट ठेवली. जुगारात सर्वाधिक फायदा न खेळणाऱ्याचा होतो.

पोकरचं कौशल्य शिकायचं असेल तर यातली एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, ती म्हणजे पानं टाकून देण्याची. होल्डेममध्ये हातात जोडी येण्याची शक्यता 17 डावांत एकदा. बहुतेक वेळा हातात येणारी दोन पानं सामान्यच असतात. प्रत्येक डाव खेळणारा नवखा म्हणजे प्रत्येक दुकानात शिरून खरेदी करणारा माणूस. खिसा कितीही मोठा असला तरी संध्याकाळपर्यंत रिकामा होतो. दुसरी सवय, उठायची वेळ आणि हरायची मर्यादा बसण्याआधी ठरवा, बसल्यावर नाही. आणि सरावासाठी पैसे लागत नाहीत, काडेपेटीतल्या काड्या पुरतात. तसंही आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे.

शेवटचा डाव घरातच

एवढं सगळं कळलेल्या माणसाचं पुढे काय झालं?

1546 मध्ये लुचिया गेली. थोरला मुलगा जिआनबातिस्ता डॉक्टर झाला, पण बायकोला विष घातल्याच्या गुन्ह्यात 1560 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. कार्डानो त्यातून कधीच पूर्ण सावरला नाही. मिलान नकोसं झालं आणि तो बोलोन्याला शिकवायला गेला.

धाकटा मुलगा आल्दो. त्याने बापाचं गणित घेतलं नाही, वैद्यकी घेतली नाही. घेतला तो जुगार. संगत वाईट, हात कायम मोकळा. 1569 मध्ये त्याने अंगावरचे कपडे, सामान, सगळं डावावर घालवलं. बापाचेही बरेच पैसे घालवले. मग आणखी पैशांसाठी बापाच्याच घरात घुसून रोकड आणि दागिने चोरले.

छत्तीस वर्षांपूर्वी कार्डानोच्या घरातून दागिने बाहेर गेले होते, तेव्हा ते नेणारा तो स्वतः होता. या वेळी त्याला अधिकाऱ्यांकडे जाऊन पोटच्या पोराची तक्रार करावी लागली. आल्दोला बोलोन्यातून हद्दपार करण्यात आलं.

1570 मध्ये धर्मसभेने कार्डानोला पाखंडाच्या आरोपाखाली कैद केलं. येशूची कुंडली मांडणं हा त्याच्यावरच्या आरोपांपैकी एक होता. सुटल्यावर तो रोमला गेला. तिथे पोपकडून त्याला निवृत्तिवेतन मिळालं आणि तिथेच त्याने आत्मचरित्र लिहिलं. 21 सप्टेंबर 1576 रोजी तो वारला.

त्या आत्मचरित्रात त्याने जुगाराबद्दल काही लपवलं नाही. चाळीसहून जास्त वर्षं बुद्धिबळ, जवळपास पंचवीस वर्षं फासे, आणि तेही अधूनमधून नाही, रोजच्या रोज. यात पैसा गेला, वेळ गेला, विचार करण्याची ताकद वाया गेली, असा हिशोब त्याने स्वतःच मांडला आणि त्याची लाज वाटते हेही सांगितलं.

36 प्रकार, 216 प्रकार, बरोबर रीत, चुकीची रीत, हे सगळं त्याला येत होतं. त्याच्या काळात ते त्याच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. तरी दागिने गेलेच. कारण पुढच्या पानाची शक्यता किती हे गणित सांगतं, टेबलावरून उठायचं कधी हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं. पोकर शिकायला बसलेल्या प्रत्येकाने पहिली गोष्ट शिकायची ती ही, आणि शक्यतो कार्डानोपेक्षा स्वस्तात.